प्रतिसाद: रजिस्टरात पुरुषच जास्त का दिसतात

वर म्हटलंय की आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या रजिस्टरात परम्याचे (गोनोरिया, संबंधांतून पसरणारा रोग) बहुतेक रुग्ण पुरुष असतात, म्हणजे बायकांत तो कमी. मला हे पटत नाही.

पुरुषाला साधारण २ ते ७ दिवसांत लघवीला आग होते, पिवळा पू येतो. घाबरून का होईना, तो येतो. बाईला निम्म्याहून अधिक वेळा काहीच जाणवत नाही. 'अंगावर पांढरं जातं' म्हणून आलीच, तर आतून तपासणी न करताच योनीच्या इतर संसर्गांसाठीची सरकारी हिरवी औषध-किट दिली जाते. त्यातलं सेक्निडॅझोल-फ्लुकोनॅझोल गोनोकोकसला, म्हणजे परम्याच्या जंतूला, काहीच करत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी पू दिसला तर राखाडी किट हवी: अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिग्रॅ, म्हणजे सोबतचा क्लॅमिडियाही (असाच संबंधांतून पसरणारा दुसरा संसर्ग) सुटत नाही. पुरुषाच्या पुवाची ग्रॅम स्लाइड (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) भरवशाची. बाईची निगेटिव्ह आली तरी रोग नाही असं धरू नये.

मेडिकलमधून आणलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुतेक ठिकाणी निकामी आहे. औषध 'लागलं नाही' म्हणणाऱ्यांत मात्र बरेचदा पुन्हा झालेला संसर्ग असतो, कारण बायकोला किट मिळालेलीच नसते. दोघांना एकाच वेळी औषध आणि ७ दिवस संबंध बंद.

तरीही पू राहिला तर कल्चर (जंतू वाढवून तपासणं) करा. पण स्वॅब (पुवाचा नमुना) फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच्या एसटीने नागपूरला धाडण्यात अर्थ नाही, थंडीत हा जंतू मरतो. रुग्णालाच तिकडे पाठवा.