याला नशीब म्हणू नका

"परदेशी डॉक्टर कितीही झटला तरी आफ्रिकेच्या खेड्यात शेवटी नशीबच जिंकतं," असं तुम्ही लिहिलंत. मला हे अजिबात पटत नाही.

इथिओपियातल्या कॅथरिन हॅमलिन यांचंच बघा. त्या ऑस्ट्रेलियाच्या, पती रेजिनाल्ड न्यूझीलंडचे, दोघेही स्त्रीरोगतज्ज्ञ. १९५९ साली अदिस अबाबात आले. खेड्यांतून त्यांच्याकडे येणाऱ्या मुलींची कहाणी बहुतेक एकच असायची. बाळ अडलेलं, कळा दिवसचे दिवस चाललेल्या, सिझेरियन करणारं जवळपास कुणी नाही. बाळाच्या डोक्याच्या दाबाने आतल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मूत्राशयाला भोक पडतं, हाच फिस्टुला. बाळ बहुधा मेलेलंच जन्मतं. लघवी अखंड गळत राहते, नवरा टाकून देतो, गाव दूर सारतं. आणि कितीतरी जणी हा आपल्याला मिळालेला शाप मानून गप्प बसतात. जिथे वेळेवर सिझेरियन होतं तिथे हा आजार जवळपास दिसतच नाही हो! मग नशीब कसलं? हा सरळसरळ अन्याय आहे.

१९७४ मध्ये या दोघांनी फक्त याच आजारासाठी रुग्णालय उभारलं. त्यांचीच एक रुग्ण मामितू गाशे, शाळेचं तोंडही न पाहिलेली, त्यांच्याच हाताखाली शस्त्रक्रिया शिकली आणि पुढे डॉक्टरांना शिकवू लागली. मला हे सगळ्यात मोठं वाटतं. नुसते टाके घालून हे थांबणार नव्हतं, म्हणून २००७ मध्ये सुईणींचं महाविद्यालय निघालं. तिथे शिकलेल्या सुईणी खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांवर जातात, अडलेली बाई वेळेत ओळखून पुढे पाठवतात.