रे: रे: व्हिडिओचा आवाज का गेला?

> मंडळी, नाचाचा व्हिडिओ टाकला आणि थोड्याच वेळात साइटने आवाज बंद केला. खाली गायक-संगीतकारांची नावं दिली होती, आपण एक पैसा कमवत नाही, आणि अभंग तर तुकोबांचा! शिवाय तीस सेकंदांपर्यंत चालतं म्हणतात ना?

ताई, नाव दिलं म्हणजे श्रेय झालं, परवानगी नाही झाली. तीस सेकंदांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही, ती फॉरवर्डमधली अफवा, आणि ना-नफा असल्याचा अमेरिकेत फेअर यूजला, म्हणजे विनापरवानगी मर्यादित वापराच्या सवलतीला, थोडा आधार मिळतो पण अख्खं गाणं मागे वाजत असेल तर तेवढ्याने भागत नाही.

खरी गोम अभंगात आहे. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचाच हक्क नाही, बिनधास्त टाका, पण आपण ज्या चालीत तो गातो ती चाल कोणा अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती त्याची, आणि जे रेकॉर्डिंग लावलं ते कंपनीचं. म्हणजे शब्द, चाल, रेकॉर्डिंग, तिन्हीचं वेगवेगळं बघावं लागतं. भारतात चालीला संगीतकार गेल्यावर ६० वर्षं संरक्षण, रेकॉर्डिंगला प्रसिद्ध झाल्यापासून ६०, युरोपात मृत्यूनंतर ७०, त्यामुळे भारतात मोकळी झालेली चाल युरोपात अडकलेली असू शकते. आवाज कोर्टाने नाही, मशीनने बंद केला असणार, ते अपलोड कंपन्यांच्या फायलींशी जुळवून बघतं, त्याला तुकोबा कुठले कळायला.

> मग मी कवितांची पानं स्कॅन करून पाठवतो त्याचं काय? पुस्तकं विकत घेतलेली आहेत, आणि हा आपला घरातलाच ग्रुप.

काका, पुस्तक तुमचं, मजकूर कवीचा. पुस्तक कोणाला वाचायला द्या, विका, काही हरकत नाही, पण स्कॅन म्हणजे नवी प्रत झाली आणि एवढ्या लोकांना गेली की घरातलं कसलं. चार ओळी आणि तुम्हाला का आवडल्या ते लिहून पाठवा, खरं तर आम्हाला तेच वाचायचं असतं, आणि कवीने स्वतःच कुठे टाकली असेल तर लिंक द्या.

> बरं, मग नाचाला लावायचं तरी काय?

आपल्याच पेटी-तबल्यावर वाजवलं तर रेकॉर्डिंगचं लचांड सुटतं, चालीचं नाही हं. जात्यावरची पारंपरिक ओवी घेऊन आपणच गायलो तर दोन्ही सुटतात. पेटीला मी आहे, तबल्याला कोणी हात वर करा.