मार्का, ओळख आणि विश्वास : सीमाभागातील अनुभव

व्यापारचिन्हामुळे वस्तूची ओळख कशी पटते, तिच्यावर विश्वास कसा बसतो आणि कधी जीवही कसा जडतो, याविषयी बेळगाव परिसरातील वाचकांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

किराणा दुकानदार, निपाणी
वयस्कर गिऱ्हाईक पुड्यावरचा मजकूर वाचत बसत नाही. 'पिवळ्या कागदातला साबण', 'जहाजाची काडेपेटी' असे मागते आणि चित्र जरा बदलले तरी वस्तू परत ठेवते. म्हणूनच पार्लेने म्हैसूरच्या एका बिस्किट उत्पादकाविरुद्ध लढवलेल्या दाव्याचा १९७२ चा निकाल मला मनापासून पटतो. एका पुड्यावर बादली घेतलेली मुलगी होती, दुसऱ्यावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, आणि भोवती दोन्हीकडे गाई-कोंबड्या. पुडे शेजारी ठेवून बारीकसारीक फरक मोजण्यापेक्षा त्यांचे एकूण रूप फसवे आहे का हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. दुकानात पुडे असे शेजारी ठेवून पाहतो तरी कोण?

चप्पल कारागिरांच्या घरातील सून, अथणी
आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या चपला होतात. वेणी गुंफण्याचे काम आम्हा बायकांकडे असते. 'कोल्हापुरी चप्पल' या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजयपूर हे जिल्हेही आहेत. व्यापारचिन्ह एखाद्या मालकाचे असते, मानांकन त्या प्रदेशातील सर्व कारागिरांचे. त्या नावात अथणी नाही, याची सासऱ्यांना खंत वाटते. मला मात्र वाटते, की त्या नावावरच्या विश्वासामुळेच लांबचे गिऱ्हाईक आमच्या दारापर्यंत येते. खरा घाव बसतो तो रेक्झिनच्या चपला त्याच नावाने विकल्या जातात तेव्हा.

नोकरदार, बेळगाव
आईच्या रक्तदाबाच्या गोळीऐवजी त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, तेव्हा तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि 'ही माझी गोळी नव्हे' म्हणून बाजूला सारली. डॉक्टरांनी समजावल्यावरच तिने ती घेतली. तिची ही सावधगिरी मला योग्यच वाटते, कारण नावे सारखी असूनही औषधे वेगळी निघाली तर जिवाशी गाठ असते. औषधांच्या नावांतील साधर्म्य अधिक काटेकोरपणे तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले आहे.

लोणच्यांचा गृहउद्योग, खानापूर
आमच्या बरणीवर नथीचे चित्र आहे आणि लोक 'नथीचे लोणचे' म्हणूनच मागतात. त्यामुळे नाव आणि चित्र या दोन्हींच्या नोंदणीसाठी अर्ज केला आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधी वर्तुळातले 'आर', म्हणजे चिन्ह नोंदणीकृत असल्याची खूण, छापणे गुन्हा आहे, म्हणून तूर्त ते लेबलवर घातलेले नाही.