कानबाईनंतरचे दोन दिवस : पाटणादेवी, अजिंठा की तोरणमाळ?

प्रश्न (पाचोऱ्याची सून)
आम्ही पुण्यात राहतो आणि दरवर्षी श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवासाठी सासरी पाचोऱ्याला येतो. रविवारी स्थापना आणि सोमवारी विसर्जन झाले की मंगळवार व बुधवार असे दोनच दिवस माझ्या हाती उरतात. या दोन दिवसांत खानदेशातील धबधब्यांची छायाचित्रे काढावीत, असे मनात आहे. पहिल्या दिवशी तोरणमाळची सीताखाई आणि दुसऱ्या दिवशी पाटणादेवी व अजिंठा असा बेत मी आखला आहे. सोबत सात वर्षांची मुलगी असेल. कॅमेरा साधा डीएसएलआर असून तिपाई आहे. हा बेत जमण्यासारखा आहे का?

उत्तर (गिरणाकाठ)
ताई, स्पष्ट सांगायचे तर जमण्यासारखा नाही. तोरणमाळसाठी पाचोऱ्याहून शहादा गाठायचे, तिथून सातपुड्याचा घाट चढायचा आणि त्याच दिवशी परतायचे, यात उजेडाचा बहुतेक वेळ गाडीतच जाईल. शिवाय इतक्या उंचीवर श्रावणात धुके उतरले, तर समोरची दरीसुद्धा दिसत नाही. तोरणमाळला मुक्कामानेच जावे.

आपल्या भागातले धबधबे बारमाही नाहीत. वरच्या पठारावर पाऊस पडला की ते वाहतात आणि पावसाने ओढ दिली की आठवडाभरात त्यांची धार होते. म्हणून ठिकाण निवडण्याआधी वर पठारावर, कन्नड गावाच्या बाजूला पाऊस किती झाला, याची चौकशी करावी. मुसळधार पावसानंतर लगेच गेलात, तर गढूळ, तांबूस पाणी मिळते. पांढराशुभ्र प्रवाह हवा असेल, तर एक दिवस थांबलेले बरे.

माझे मत असे की एक पूर्ण सकाळ पाटणादेवीला द्यावी. चाळीसगावपासून ते साधारण १८ किलोमीटर आहे. चंडिकादेवीच्या मंदिरापासून जंगलातून चालत गेल्यावर केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे लागतात. हा सगळा गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा भाग असल्यामुळे वाट खुली आहे का, हे वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारावे. कडा उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे तिथे दिवसभर सावली असते, ती छायाचित्रांना फार सोयीची.

उत्तर (भिंगवाला)
गिरणाकाठ भाऊंच्या शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती करतो. उत्तरेकडच्या कड्यावर सावली असते ती हिवाळ्यात. श्रावणात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि मध्यान्ही आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे ढग फाटले, तर सकाळचे तिरपे ऊन थेट कड्यावर येते आणि दुपारी पाणी पांढरेफटक होऊन ओल्या खडकांचा काळेपणा निघून जातो. म्हणून उजाडताच पोहोचावे किंवा आभाळ भरलेला दिवस निवडावा.

तिपाई आहेच, तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १००, भिंगाचे छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि शटर पाव ते अर्धा सेकंद उघडे, एवढे पुरते. पोलरायझर, म्हणजे भिंगापुढे लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, मात्र नक्की घ्यावा. इथल्या ओल्या काळ्या खडकावरची (बेसॉल्ट) चकाकी त्याने कापली जाते, आणि तो प्रकाशही अडवतो, त्यामुळे शटर आपोआप लांबवता येते. लांब शटरच्या हव्यासाने पाण्याचे दूध करू नये, थोडी धार दिसू द्यावी, हे माझे वैयक्तिक मत.

अजिंठ्याबद्दल बोलायचे तर लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे आपला मंगळवार-बुधवार सोयीचाच आहे. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढचे ४ किलोमीटर बसने जावे लागते आणि दार सकाळी ९ ला उघडते, तेव्हा कोवळ्या उजेडाची अपेक्षा ठेवू नये. लेण्यांच्या आवारात तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वाघूर नदी ज्या सात टप्प्यांनी उतरते, ते सातकुंड घोड्याच्या नालेसारख्या वळणदार दरीच्या टोकाला आहे. लाव्हाच्या आडव्या थरांतले कठीण पट्टे टिकले आणि मऊ झिजले, म्हणून या पायऱ्या पडल्या. दरी आणि धबधबा एकाच चौकटीत हवे असतील, तर समोरच्या डोंगरावरचे दृश्यस्थळ गाठावे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला लेणी दिसली, असे सांगतात ती हीच बाजू. मात्र नदीला पाणी असताना खालून ओलांडून जाणारी वाट मुलीला घेऊन धरू नका, वरून रस्त्याने या.

उत्तर (गिरणाकाठ)
दुरुस्ती मान्य. मी तिथे नेहमी दिवाळीनंतर जातो, म्हणून चुकलो. एक गोष्ट राहिली: २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगावात पाणी शिरले होते आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. वर पाऊस चालू असेल, तर कुंडाजवळ उतरू नये. घाटातल्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढण्याचा मोहही टाळावा. तिथे मागून ट्रक येतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. तोरणमाळ दिवाळीच्या सुट्टीवर ढकलले. मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी पहाटे पाटणादेवी असे ठरवते. म्हणजे सोमवारी पाऊस झाला, तरी पाणी निवळायला एक दिवस मिळेल. पोलरायझर पुण्याहूनच आणते. बुधवारी नाक्यावरून परत पाठवले, तर देवीचे दर्शन घेऊन आणि मंदिराचे फोटो काढून घरी येईन.