मदत हवी आहे: चार्जिंगचं व्होल्टेज सारखं खालीवर होतंय, बॅटरी नवीनच आहे

अंकलीकर:
गाडीचं व्होल्टेज एका जागी थांबत नाही. मधेच १४.२, मधेच १३, दिवे आणि ब्लोअर लावला की थेट १२.४. हेडलाइट मिणमिणतात, मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा बारीक पेटतो नि विझतो. बॅटरी नवी टाकली, अल्टरनेटरचे (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) कार्बन बदलले. आता इलेक्ट्रिशियन म्हणतो अख्खा अल्टरनेटरच नवा टाका. शनिवारी लग्नाला पंढरपूरला जायचंय. टाकू की नको, एवढंच सांगा.

टेस्टर:
गाडी कोणती, साल कोणतं, व्होल्टेज कशानं आणि कुठं मोजलं?

अंकलीकर:
कंपनीचं नाव घेतलं की धागा तिकडंच वळतो, म्हणून मुद्दाम लिहिलं नाही. २०१२ ची डिझेल हॅचबॅक. व्होल्टेज लायटरमधल्या चार्जरवर दिसतं.

टेस्टर:
तो आकडा सोडून द्या. लायटरपर्यंत वायर, फ्यूज, जुना सॉकेट, सगळीकडं थोडं थोडं गळतं. साधा मल्टिमीटर घ्या आणि बॅटरीच्या पोलवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर. रात्रभर उभी असताना १२.५-१२.६ आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे.

जीपवाला:
मीटरबिटर कशाला? गाडी चालू ठेवायची, बॅटरीचा एक पोल काढायचा. बंद पडली की अल्टरनेटर गेला. आमच्या जीपला कायम असंच बघायचो.

टेस्टर:
कृपया कुणी हे करू नका! चालू गाडीचा पोल काढला की व्होल्टेज एकदम उसळतं, अल्टरनेटरचे डायोड जातात, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. जीपला ईसीएम होता का काका?

जीपवाला:
नव्हता. म्हणून तर चालली पंचवीस वर्षं.

मिरजेचा पव्या:
हल्लीच्या गाड्यांत ईसीएमच अल्टरनेटरला कमीजास्त करतो, डिझेल वाचवायला. व्होल्टेज खालीवर होणं हा दोष नाहीच. उगाच घाबरू नका.

टेस्टर:
तसल्या गाड्या आहेत, बरोबर. पण त्यांत हेडलाइट मिणमिणत नाहीत आणि लाल दिवा पेटत नाही.

भडंगबहाद्दर:
एलईडी बल्ब टाकलेत का बाहेरून? माझ्या भावानं टाकले, पोलिसांनी शंभर फुटी रोडवर पावती फाडली.

अंकलीकर:
बल्ब कंपनीचेच आहेत. मीटर आणला. बंद गाडीला १२.६. चालू, दिवे आणि ब्लोअर लावून, पोलवर १२.९. म्हणजे अल्टरनेटर गेलाच ना?

टेस्टर:
थांबा. तसंच चालू ठेवून, रेस थोडी वाढवून, तीन मापं घ्या. एक, अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटापासून त्याच्याच बॉडीपर्यंत. दोन, त्या नटापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. तीन, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. दुसरं नि तिसरं ०.२ च्या आत पाहिजे. मफलर, ओढणी बेल्टपासून लांब. आणि बेल्ट किंचाळतो का तेही सांगा.

मिरजेचा पव्या:
एवढं करण्यापेक्षा कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदलायचा. माझं तेवढ्यावर भागलं.

अंकलीकर:
बेल्टचा आवाज नाही. पहिलं १४.२. दुसरं ०.१५. तिसरं १.१५. मीटर बिघडलाय का?

टेस्टर:
मीटर उत्तम आहे. १४.२ मधून दोन्ही गळत्या वजा करा, १२.९ च उरतात. अल्टरनेटर पुरेसं बनवतोय, ते बॅटरीपर्यंत पोचत नाही. अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडची वाट, खराब आहे. सकाळी सेल्फ जड मारतो का?

अंकलीकर:
हो, पण ते थंडीमुळं वाटायचं. क्लचची केबलही गरम लागली होती एकदा, त्याचा काय संबंध?

टेस्टर:
तोच संबंध! सेल्फला अर्थ मिळेना की करंट मिळेल त्या वाटेनं परत येतो, केबलमधूनसुद्धा. गाडी पहिल्यापासून तुमचीच आहे का?

अंकलीकर:
नाही, २०२० ला सांगलीतच सेकंडहँड घेतली.

कृष्णाकाठ:
हे आधी सांगायचं की हो! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शामरावनगरात, मारुती चौकात गाड्या टपापर्यंत बुडाल्या, मग धुऊनपुसून विकल्या गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वितीला गाळाचा डाग असतो. सीटच्या रुळांचे बोल्टही बघा.

भडंगबहाद्दर:
पुराच्या गाडीला इन्शुरन्स किती मिळाला होता कुणाला? आमचा क्लेम अजून आठवला की डोकं फिरतं.

कृष्णाकाठ:
त्याचा वेगळा धागा काढा राव.

टेस्टर:
अंकलीकर, आता काही विकत घेऊ नका. गाडी बंद करून जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, रंग नसलेल्या जागी, घट्ट लावा. केबल बेल्टपासून, पंख्यापासून लांब ठेवा. मग चालू करून पोलवर मोजा.

अंकलीकर:
१३.९! दिवे आणि ब्लोअर लावूनसुद्धा. हेडलाइट हलत नाहीत. सेल्फ तर एका झटक्यात. बॅटरीचा ट्रे काढला. खाली अर्थची विणलेली पट्टी आहे, तिचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) हिरवंगार, बोटानं दाबलं तर अर्ध्या तारा भुगा होऊन पडल्या. सीटबेल्टवर डाग आहे.

मिरजेचा पव्या:
पॉलिश पेपरनं घासून घट्ट करा, चालतंय.

टेस्टर:
तारा तुटल्यावर घासून काय उपयोग? नवी पट्टी टाका, तेवढ्याच जाडीची, थिंबल दाबून बसवलेलं असू दे. खालची जागा चकचकीत होईपर्यंत खरवडा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. पाण्यात राहिलेली गाडी आहे, तेव्हा बॅटरीची बॉडीला जाणारी मायनस वायर आणि फ्यूज बॉक्सची खालची बाजूही उघडून बघा. पंढरपूरला निघण्याआधी एकदा रात्री दिवे लावून तिसरं माप परत घ्या.

जीपवाला:
आणि बॅटरीवाल्याला विचारा, जुनी दिली होती ती अजून आहे का. बहुतेक चांगलीच असेल.