२० मिनिटांनी इंजिन बंद पडतं: टाकी, फिल्टर की पंप?

शीडवाला_कुलाबा: २८ फुटी जुनी शिडाची बोट, इंजिन यानमार २जीएम२०, टाकी स्टीलची, ६० लिटर. मुरिंगवर (बोट बांधून ठेवलेली असताना) न्यूट्रलमध्ये कितीही वेळ चालतं. गेटवेहून मांडव्याकडे निघालं, २८०० आरपीएमवर ठेवलं की २० मिनिटांत आवाज खाली-वर होतो आणि बंद. काळा धूर नाही. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा स्टार्ट होतं. दोन्ही फिल्टर (टाकीनंतरचा प्रायमरी आणि इंजिनवरचा) नवे आहेत. पावसाळाभर बोट किनाऱ्यावर होती, टाकी अर्धी भरलेली. मेकॅनिक म्हणतो, इंजेक्शन पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा) उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून जुळवायला) द्या. द्यावा का?

नांगर७: अजिबात नको! पंप झिजला तर स्टार्टिंगलाच त्रास होतो. थांबल्यावर बरं होणारं इंजिन उपाशी मरतंय, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडथळा आहे. प्रॉपेलरवर शिंपले चढले असते तर काळा धूर आला असता.

आधी फुकटची तपासणी करा. आवाज डगमगायला लागला की टाकीचं झाकण उघडा. फुस्सकन हवा आत गेली, तर व्हेंट (टाकीत हवा जाण्याची नळी) तुंबलाय. किनाऱ्यावर ठेवलेल्या बोटीच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेही बघाच.

ते नसेल तर १० लिटरचा स्वच्छ कॅन घट्ट बांधा आणि त्यातून पाइप थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला) द्या. रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत आणणारा) पाइपही कॅनमध्येच सोडा. शीड चढवायच्या तयारीत ठेवून बंदरातच त्याच आरपीएमवर ४० मिनिटं चालवा. नीट चाललं तर पंप, नोझल निर्दोष.

शीडवाला_कुलाबा: झाकण उघडून फरक नाही. कॅनवर मात्र ५० मिनिटं एकसारखं चाललं.

दर्यासारंग: मग टाकीतला ओढपाइप वरून काढा. जुन्या बोटींत त्याच्या टोकाला बारीक जाळी असते. काळा चिकट गाळ तिला लपेटतो, आणि इंजिन बंद झालं, ओढ थांबली की सुटून खाली पडतो. तुमची दहा मिनिटं तीच. जाळी कापून टाका, गाळायला प्रायमरी फिल्टर आहे.

गाळ येतो पाण्यामुळे. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी दमट हवा शिरते, भिंतींवर पाणी धरतं, तळाला साचतं आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर बुरशी वाढते. हातपंपाने तळाच्या कोपऱ्यातलं डिझेल काचेच्या बरणीत काढा, अर्धा तास ठेवा. पाणी खाली बसलेलं दिसेल. टाकी आतून पुसल्याशिवाय नुसतं बुरशीनाशक ओतू नका. मेलेली बुरशी एकदम सुटून फिल्टर भरते. प्रायमरीत १० मायक्रॉनचा (आकडा लहान तेवढी गाळणी बारीक) फिल्टर पुरे. तिथे २ मायक्रॉनचा घातला तर लवकर तुंबतो. पुढच्या पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवा.

शीडवाला_कुलाबा: जाळी पूर्ण काळी होती. टाकी साफ केली, सगळं जोडलं. आता स्टार्टच होत नाही, डिझेलच्या पाइपात अडकलेली एअर निघत नाहीये.

नांगर७: सगळ्यात आधी इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन पेटत नसताना स्टार्टर मारत राहिलात तर पाणी सायलेन्सरमध्ये साचून सिलिंडरपर्यंत चढतं, आणि मग खर्च पंपाहून मोठा. इंजिन पेटताक्षणी कॉक उघडायचा.

फीड पंपाचा हाताने मारायचा खटका पोकळ लागत असेल तर क्रँक एक फेरा फिरवा, तो पंप हलवणारा कॅम वर अडकलाय. इंजिनवरच्या फिल्टरचा एअर-बोल्ट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत खटका मारा, मारता मारताच आवळा. मग तसंच इंजेक्शन पंपावर. शेवटी नोझलचे नट अर्धा आटा ढिले, डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरचा दाब सोडणारा) खटका वर, थ्रॉटल पूर्ण, स्टार्टर दहा सेकंदांहून जास्त नाही. डिझेल ठिबकलं की आवळा. तिथे हात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

दर्यासारंग: तरीही बुडबुडे येतच राहिले तर एअर टाकी ते फीड पंपाच्या मधे शिरतेय. तिथे ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकताना दिसत नाही. प्रायमरीच्या झाकणाचं रबर आणि उघडलेल्या प्रत्येक बॅन्जोचे (पोकळ बोल्टच्या पाइपजोडाचे) तांब्याचे वॉशर नवे घाला. नागदेवी स्ट्रीटला सगळ्या मापाचे मिळतात. फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक पाइप जोडलात तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. तपासणी झाली की तो काढून पुन्हा डिझेलचाच पाइप लावा.