विंडोज तुमचं २० टक्के नेट 'खात' नाही!

पोर्टऐंशी (धागाकर्ता)
काल इथे एक धागा आला: "विंडोज तुमचं २० टक्के नेट खाऊन बसतं. या पाच गोष्टी करा, स्पीड दुप्पट." खाली "धन्यवाद, आजच करतो" अशा प्रतिसादांची रांग. तिथे चार ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. यादी अशी होती: ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या यादीत) क्यूओएसचं (ठरावीक प्रोग्रॅमला नेटमध्ये प्राधान्य देणाऱ्या सोयीचं) रिझर्व्ह शून्य करा, ऑटोट्यूनिंग (एका वेळी किती माल वाटेत चालेल ते विंडोजने आपोआप ठरवणं) डिसेबल करा, टीसीपीअ‍ॅकफ्रीक्वेन्सी (किती पॅकेटांमागे, म्हणजे डेटाच्या तुकड्यांमागे, पोचपावती द्यायची) १ करा, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४०० ठेवा, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) गूगलचं ८.८.८.८ टाका.

२० टक्क्यांची अफवा एक्सपीच्या काळातली. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच खुलासा केला होता. तो आकडा म्हणजे वरची मर्यादा: एखाद्या प्रोग्रॅमने क्यूओएस मागितलंच, तर त्याला जास्तीत जास्त किती द्यायचं. कुणी मागितलं नाही तर पूर्ण लाइन सगळ्यांना मोकळी. मागून वापरली नाही तरी मोकळीच. शिवाय हा शेड्यूलर पीसीतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग लावतो. तुमच्या डाउनलोडची रांग तिकडे कंपनीच्या ओएलटीवर (फायबरच्या पलीकडच्या टोकाच्या यंत्रावर) लागते, तिथे तुमची ग्रुप पॉलिसी पोचत नाही.

ऑटोट्यूनिंग बंद करणं तर सरळ नुकसान आहे. ते बंद केलं की रिसीव्ह विंडो ६५,५३५ बाइटवर अडकते. म्हणजे पोचपावती येईपर्यंत समोरचा सर्व्हर एवढाच माल वाटेत ठेवू शकतो. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २२० मिलिसेकंद धरा: ६५,५३५ गुणिले ८, भागिले ०.२२. उत्तर येतं साधारण २.४ एमबीपीएस. प्लॅन ३०० चा असो की १००० चा, एका कनेक्शनला २.४ च! आणि स्पीड टेस्टमध्ये हे दिसतही नाही, कारण तिचा सर्व्हर शहरातच ५ मिलिसेकंदांवर असतो आणि ती एकदम बरीच कनेक्शनं उघडते. आकडा झकास येतो, माणूस खूश होतो, आणि मग महिनाभर "परदेशी साइट हल्ली फार रडतात" म्हणत बसतो.

कृष्णाकाठ
असहमत. एका बोगस यादीवरून ओएसमधलं प्रत्येक सेटिंग थोतांड ठरवायचं, हीही तितकीच अर्धवट माहिती आहे.

एक, नेटवर्कथ्रॉटलिंगइंडेक्स (रेजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारातली, एक नोंद). गाणं किंवा व्हिडिओ चालू असताना आवाज अडखळू नये म्हणून व्हिस्टापासून विंडोज बाकीची पॅकेटं मिलिसेकंदाला १० वर रोखतं. १० गुणिले १५०० बाइट म्हणजे सेकंदाला १५ एमबी, १२० एमबीपीएस. २००७ मध्ये गिगाबिट कार्डवाल्यांना हे चांगलंच जाणवलं होतं आणि ते खरं निघालं.

दोन, ऑटोट्यूनिंग बंद करण्याचा सल्लाही आभाळातून पडलेला नाही. व्हिस्टा आलं तेव्हा अनेक जुन्या राउटर-फायरवॉलना विंडो स्केलिंग (६५,५३५ च्या पुढची विंडो वापरायचा टीसीपीतला पर्याय) कळत नव्हतं. ते पर्याय चुकीचे हाताळायचे आणि कनेक्शन लटकायचं. तेव्हा तो उपाय होता.

तीन, एमटीयू. पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड देऊन नेट जोडायच्या पद्धतीत) ८ बाइट हेडरला जातात, उरतात १४९२. राउटरने एमएसएस (पॅकेटातल्या मालाचा आकार) कापला नाही आणि वाटेत आयसीएमपी ('पॅकेट मोठं आहे' हा निरोप) अडवलेलं असलं, की मोठी पॅकेटं गपचूप गळतात. पिंग होतो, गूगल उघडतं, पण बँकेची साइट लॉगिनलाच गोल गोल फिरते. १४९२ टाका, साइट उघडते. ज्याच्या घरी हे घडतं त्याला "ट्विकने काही होत नाही" हे सांगून बघा.

पोर्टऐंशी
एमटीयूचं मान्य, पण तो बिघाड दुरुस्त करणं झालं, वेग वाढवणं नव्हे. आणि यादीत १४०० लिहिलंय, १४९२ नाही. मोजायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, हायफन एफ, हायफन एल १४६४, पुढे एखाद्या साइटचं नाव. उत्तर आलं तर अधिक हेडरचे २८, म्हणजे १४९२ ठीक. "फ्रॅगमेंट करावं लागेल" आलं, तर दहादहाने खाली या. आकडा राउटरवरच भरा, म्हणजे घरातल्या फोन-टीव्हीलाही लागू होतो.

जुन्या फायरवॉलचंही खरं. पण तो औषधाचा कागद २००७ चा आहे, रोगी बरा होऊन गेला. तसं तर व्हीएसएनएलच्या डायलअपवर एमटीयू ५७६ केल्याने फरक पडायचा. आज कोणी टाकेल का?

थ्रॉटलिंगइंडेक्सचंही मानतो, पण तुमच्याच गणिताने १०० च्या प्लॅनवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

जोडतार
तुम्ही दोघं रेजिस्ट्रीत भांडताय. आधी तार बघा हो! १५० किंवा २०० चा प्लॅन घेऊन "नेट ९४ च्या वर जात नाही" म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. ९४ हा आकडा दिसला की समजायचं, लिंक १०० वर बसली आहे. पॉवरशेलमध्ये गेट-नेटअ‍ॅडॅप्टर टाका, लिंकस्पीडचा रकाना बघा.

कारण? आठ तारांतल्या चारच क्रिंप केलेल्या (प्लगमध्ये दाबून बसवलेल्या). फास्ट इथरनेटला (१०० च्या लिंकला) १, २, ३, ६ या पिना पुरतात, म्हणून एका केबलमधून दोन घरं चालवायची जुनी युक्ती. गिगाबिटला (१००० च्या लिंकला) चारही जोड्या लागतात. आरजे-४५ (केबलच्या टोकाचा प्लग) उजेडात धरा: पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंग दिसले पाहिजेत. नारिंगीपांढरी, नारिंगी, हिरवीपांढरी, निळी, निळीपांढरी, हिरवी, तपकिरीपांढरी, तपकिरी. निळ्या आणि तपकिरी जोडीची टोकं मागे दुमडून टेपने गुंडाळलेली दिसली की चोर सापडला.

मुळामुठा
+१. आणि प्लॅन ३०० चा विकून हातात दिलेल्या राउटरला लॅन पोर्ट १०० चे! खोक्यावर "१२००" छापलेलं असतं, ते दोन्ही बँडच्या वायफायची बेरीज असते. पोर्टसमोर '१०/१००' आहे की '१०/१००/१०००', हे खालच्या बारीक अक्षरात.

वैनगंगा
जोडतार, "युक्ती", "चोर" हे शब्द जपून वापरा. क्रिंप करणारा पोरगा मीटरवर नाही, जोडणीवर पैसे घेतो. त्याला केबलचा रोल ऑपरेटर देतो आणि तो रोल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो. ती तार दोनदा वाकवली की आतून तुटते, खिडकीच्या फटीत दाबली की एक जोडी जाते, मग गिगाबिट लिंक कधी १०० वर घसरते, कधी उठतच नाही. आठही तारा नीट क्रिंप करून हे होतं. दोष मालाचा, शिवी पोराला.

जोडतार
पोराला कोणी शिवी दिली नाही. पण टेस्टर लावून आठ दिवे बघायला अर्धं मिनिट लागतं, तेही होत नसेल तर चूक चूकच. तारेचं म्हणाल तर चाकूने खरवडून बघा: आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम, लालसर तर तांबं. घेताना 'शुद्ध तांबं, कॅट ६' मागा आणि बिलावर लिहून घ्या.

वैनगंगा
टेस्टर नवीन तारेला आठ दिवे दाखवतो. पावसाळ्यानंतर दाखवत नाही. हे तुम्हाला माहीत असून तुम्ही लिहीत नाही, म्हणून राग येतो.

जोडतार
पावसाळ्याचं बरोबर. गच्चीवरून उघडी टाकलेली तार टिकत नाही, तिथे बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची घ्यावी. एवढं मागे घेतो.

कृष्णाकाठ
धागा विंडोजचा होता! सेटिंगने खरोखर वेग वाढतो, याचं सरळ उदाहरण देतो. डिव्हाइस मॅनेजर, वायफाय कार्ड, अ‍ॅडव्हान्स्ड, 'प्रिफर्ड बँड' मध्ये ५ गिगाहर्ट्झ. लॅपटॉप २.४ ला चिकटलेला असेल तर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर दोन अँटेनांना लिंकच १४४ ची मिळते, हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात इमारतीतले सगळे राउटर १, ६, ११ वर गर्दी करून. बँड बदलला की त्याच खोलीत फरक दिसतो. हे ओएसमधलंच सेटिंग आहे ना?

पोर्टऐंशी
आहे. हे मान्य, आणि मूळ यादीत हेच नव्हतं याचंच वाईट वाटतं. मात्र दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ ढेपाळतं, तिथे सक्ती करू नका.

मुळामुठा
लिनक्सवाले बीबीआर (डेटा किती वेगाने पाठवायचा ते ठरवणारी पद्धत) चालू करा म्हणतात, त्याचं काय?

पोर्टऐंशी
बीबीआर २०१६ मध्ये कर्नल ४.९ बरोबर आलं, उत्तम आहे, पण ते पाठवणाऱ्याच्या बाजूला काम करतं. घरच्या मशीनवर चालू केलंत तर तुमच्या अपलोडला लागू. डाउनलोडचा वेग समोरचा सर्व्हर ठरवतो. अ‍ॅकफ्रीक्वेन्सीचंही तसंच: टीसीपीवर चालणाऱ्या काही गेममध्ये उशिरा जाणाऱ्या पोचपावतीचा झटका कमी होतो. यूडीपीवरच्या (जिथे पोचपावतीच नसते) गेमला काडीचा फरक नाही, आणि डाउनलोडमध्ये उगाच पोचपावत्या वाढतात.

ज्याला नेट 'जड' वाटतं त्याने एक करावं. एका खिडकीत पिंग ८.८.८.८ हायफन टी लावून ठेवा, दुसरीकडे मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवा. १० मिलिसेकंदांचा पिंग ३०० वर गेला, तर राउटरच्या अपलोडच्या रांगेत पॅकेटं तुंबतायत. फोटोंच्या बॅकअपला अपलोड मर्यादा घाला. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये (अपडेट इतर पीसींना वाटायची सोय) 'इंटरनेटवरचे पीसी' निवडलेलं असेल तर काढा. राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) घेणारा असेल, तर एसक्यूएममध्ये (रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयीत) केक ही पद्धत निवडून दोन्ही बाजूंना मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के भरा. जोरदार प्लॅनला मात्र राउटरचा प्रोसेसर दमतो, ते आधी तपासा.

कृष्णाकाठ
डीएनएसबद्दल दोघंही गप्प.

पोर्टऐंशी
डीएनएस नाव शोधून देतं, फाइल आणून देत नाही. पान उघडायला सुरुवात लवकर होईल, डाउनलोडचा आकडा तोच. उलट अकामाईसारखी सीडीएन (फाइलच्या प्रती जागोजागी ठेवणारी सेवा) रिझॉल्व्हर (डीएनएसचा सर्व्हर) कुठे आहे त्यावरून जवळचा सर्व्हर ठरवते. लांबचा रिझॉल्व्हर घेतलात तर फाइलही लांबून येऊ शकते. कंपनीचं डीएनएस सारखं झोपत असेल तर जरूर बदला.

कृष्णाकाठ
ठीक. ऑटोट्यूनिंगच्या बाबतीत तुमचं बरोबर, बाकी मी माझ्या मतावर. ज्यांनी कालची यादी वापरली त्यांना परत कसं फिरवायचं तेवढं लिहा.

पोर्टऐंशी
अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये: नेटश इंट टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल. मग 'शो ग्लोबल' करून 'नॉर्मल' दिसतंय ना बघा. टीसीपीअ‍ॅकफ्रीक्वेन्सी ही नोंद टीसीपीआयपी, पॅरामीटर्स, इंटरफेसेस खाली ज्या कार्डात घातली असेल तिथून डिलीट करा, शून्य करू नका. क्यूओएसची पॉलिसी 'नॉट कॉन्फिगर्ड'. एमटीयू पीसीवर १५०० करा. पीपीपीओई राउटरच जोडतो, तेव्हा १४९२ त्याच्याकडे राहू दे. मग रीस्टार्ट.